प्लूटोवरचे मतदान: प्राग, २००६

२४ ऑगस्ट २००६ रोजी दुपारी प्रागच्या काँग्रेस सेंटरमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या महाअधिवेशनाची समारोपाची सभा भरली, तेव्हा मतदानासाठी आम्हा सदस्यांच्या हाती एकेक पिवळे कार्ड होते. माझा अभ्यास दीर्घिकांचा. सूर्यमालेशी संबंध आला तर एखाद्या व्याख्यानापुरता. तरीही सूर्याला ग्रह किती, यावर मत देण्याचा अधिकार मला होता, आणि त्याचे मला थोडे अवघडच वाटत होते.

वाद पेटला होता तो आदल्या वर्षी जाहीर झालेल्या एका शोधामुळे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेपच्यूनपलीकडे जी वस्तू सापडली, आणि जिला पुढे एरिस हे नाव मिळाले, ती त्या वेळच्या मापनांनुसार प्लूटोपेक्षा मोठी भरत होती. प्लूटो ग्रह, तर मग तीही ग्रह; आणि तिच्यामागून येणाऱ्यांना कोणत्या कारणाने अडवायचे? खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंगरिच यांच्या समितीने अधिवेशनात मांडलेल्या मसुद्यात गोल आकाराच्या कसोटीवर ग्रहांची संख्या थेट १२ झाली होती. त्यात मंगळ आणि गुरू यांच्यामधला सेरेस होता, एरिस होती, इतकेच काय, प्लूटोचा उपग्रह शॅरनसुद्धा होता, कारण ज्या बिंदूभोवती ती जोडी फिरते तो गुरुत्वमध्य प्लूटोच्या पृष्ठभागाबाहेर पडतो. ग्रहांच्या कक्षा आणि गती अभ्यासणारे, म्हणजे गतिशास्त्राचे अभ्यासक, यावर चांगलेच खवळले. उरुग्वेच्या हुलिओ फर्नांडेस आणि गोन्सालो तांक्रेदी यांनी पर्यायी प्रस्ताव आणला आणि अखेर ठरावात, सूर्याभोवती फिरणे आणि गोल असणे या दोन अटींपाठोपाठ, तिसरी अट आली: ग्रहाने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा.

ही अट मला सुरुवातीला मुळीच पटली नव्हती. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे लघुग्रहांचे थवे आहेत, पृथ्वीच्या वाटेत लघुग्रह येत-जात असतात, आणि नेपच्यूनची कक्षा तर खुद्द प्लूटोच ओलांडतो. सभेपूर्वी कॉफीच्या रांगेत एका गतिशास्त्रज्ञापुढे मी हे मांडले, तेव्हा त्याने मला उलट विचारले की तिथे हुकमत कोणाची चालते. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन होतात. हा ताल नेपच्यूनने बसवलेला आहे, प्लूटोने नव्हे. एखाद्या वस्तूच्या वस्तुमानाला तिच्या कक्षेच्या पट्ट्यातील बाकी सगळ्यांच्या एकत्रित वस्तुमानाने भागा, असे तो म्हणाला. हाच हिशेब खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्यात पृथ्वी सुमारे १७ लाख पट भरते, आठ ग्रहांत सर्वांत खाली असलेला मंगळसुद्धा ५,१०० पट. सेरेस मात्र एक-तृतीयांशावर अडतो आणि प्लूटो एक-दशांशापर्यंतही पोहोचत नाही. मधल्या जागेत कोणीच नाही. इतकी रुंद दरी निसर्गाने स्वतःच आखून ठेवलेली असताना गोलाईवर भर देण्यात मला अर्थ दिसेना. अर्थात, ठरावाची भाषा याहून नेमकी हवी होती, हे मी आजही म्हणेन.

मुख्य व्याख्येच्या बाजूने इतकी कार्डे वर झाली की मोजण्याची गरजच पडली नाही. पुढचा ठराव आठ ग्रहांना ‘अभिजात ग्रह’ म्हणावे असा होता, म्हणजे बटुग्रह, अर्थात गोल असूनही आपला परिसर मोकळा न केलेल्या वस्तू, हेही ग्रहच ठरून प्लूटो मागच्या दाराने परत आला असता. जॉसलिन बेल बर्नेल यांनी छत्री, फुगा आणि डिस्नेच्या कार्टूनमधल्या प्लूटो कुत्र्याचे खेळणे घेऊन तो समजावून दिला. पल्सारचा, म्हणजे ठरावीक तालाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचा, शोध लावणाऱ्या विदुषीच्या हातात ते खेळणे पाहून सभागृहात हशा पिकला. या ठरावाला ९१ मते मिळाली व तो पडला. त्यानंतर प्लूटो हा बटुग्रह आणि नेपच्यूनपलीकडच्या एका नव्या गटाचा नमुना, हे २३७ विरुद्ध १५७ मतांनी मंजूर झाले. त्या गटाचे नाव मात्र १८३ विरुद्ध १८६ असे अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले, म्हणजे गट तयार झाला आणि बारसे राहिले.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधण्याचे काम करत. तोवर असे दोनशेच्या आसपास ग्रह माहीत झाले होते, आणि ठराव फक्त आपल्या सूर्यमालेपुरता होता. त्यांनी चारही वेळा कार्ड वर केले, पण त्यांच्या कामाला यातले काहीच लागू होणार नव्हते.