खरखर

लॅपटॉप खरखरतोय असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. तळाचं झाकण काढायचं, पंखा ब्रशनं झाडायचा, ब्लोअर मारायचा, बेअरिंग गेलं असेल तर पंखाच बदलायचा. दापोलीत दुकान टाकून मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत खरखर म्हणजे आवाज, याबद्दल कधी शंका आली नव्हती. आंजर्ल्याच्या काकूंच्या बाबतीत ही चूक मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा पैसे घेऊन केली.

काकूंकडे पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत, जेवणाखाणासकट. बुकिंगं मोबाइलवर सांभाळता सांभाळता गोंधळ व्हायला लागला, तेव्हा पुण्याच्या मुलानं आईला लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. त्यानंच मॉडेल निवडलं. पातळ, हलका, अख्खं अंग ॲल्युमिनियमचं. मला फोनवर म्हणाला, "तुम्ही फक्त घरी जाऊन लावून द्या, आईला काही जमणार नाही." पुण्यामुंबईची मुलं हे वाक्य फार सहज बोलतात. ज्या बाईला तीन खोल्यांचा हिशेब, वाडीतले गडी आणि चाळीस पानांची पंगत एकटीनं जमते, तिला चार भोकं आणि तीन दिवे का जमू नयेत?

२०२५चा मे, पहिला पंधरवडा. पाजपंढरीवरून खाडीचा पूल ओलांडून मी पोचलो. आम्ही दोघं ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलो, लॅपटॉप मांडीवर. हा झोपाळा लक्षात ठेवा.

काकूंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"मेला येतानाच मेलेला आलाय काय रे?"

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कारखान्यातून निघताना बऱ्याच लॅपटॉपांच्या बॅटरीला झोपवून पाठवतात, म्हणजे खोक्यात महिनोन् महिने पडूनही ती उतरत नाही. चार्जर लावल्याशिवाय बटण कितीही दाबा, ढिम्म. या एका गोष्टीपायी नवे कोरे लॅपटॉप 'डेड आहे' म्हणून दुकानात परत आलेले मी पाहिलेत. खोक्यातल्या घडीच्या कागदावर चार्जरचं चित्र असतं, पण चित्र काढून कोणाला काही कळत असतं तर आमची दुकानं कधीच बंद झाली असती.

आता चार्जर लावायचा कुठे? डाव्या कडेला शेजारी शेजारी दोन टाइप-सी. दिसायला जुळी. त्यातलं एकच चार्जिंगचं, दुसऱ्यात फक्त डेटा. चार्जिंगवाल्याशेजारी प्लगचं चिन्ह होतं, करड्या पत्र्यावर करड्या शाईत, मोहरीएवढं. मला मोबाइलचा टॉर्च लावून शोधावं लागलं. ही छपाई ज्यानं पास केली त्याला एकदा आमच्याकडच्या माजघरात आणून बसवायला पाहिजे, दिवे गेल्यावर. मी नेहमी करतो तेच केलं. चार्जिंगच्या भोकाशेजारी व्हाइटनरचा ठिपका दिला.

काकूंनी लगेच विचारलं, "मग माझ्या मोबाइलचा चार्जर यात जातो का?" जातो. हीच तर पंचाईत आहे. टाइप-सीच्या एवढ्याशा तोंडात २४ पिना असतात, बारा वर, बारा खाली, म्हणून कसाही खुपसला तरी बसतो. पण बसतो म्हणजे पुरतो असं नाही. पिन आत गेली की चार्जर आणि लॅपटॉप आधी ५ व्होल्टवर एकमेकांची ओळख करून घेतात. तू किती देतोस, मला किती लागतं. लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या चार्जरनं २० व्होल्ट द्यायची तयारी दाखवली की गाडी सुरू. मोबाइलचा १८ वॉटवाला तेवढ्या व्होल्टपर्यंत जात नाही. मग लॅपटॉप एक तर नाही म्हणतो, नाहीतर स्क्रीनवर 'चार्जर हळू आहे' अशी कुरकुर करत घोट घोट पितो. मी हे सगळं सांगितलं आणि काकूंनी कॅलेंडरवाल्याकडून मिळालेल्या वहीत लिहिलं, 'पाव्हण्याचं जेवण मांजराच्या ताटलीत वाढू नये.'

ती वही म्हणजे मी आजवर पाहिलेलं सगळ्यात चांगलं मॅन्युअल. त्या पानाचा मी फोटो काढून ठेवलाय:

'पिवळा दिवा – जेवतोय. पांढरा – पोट भरलं. हळूहळू लुकलुक – झोपलाय, मेला नाही. रुंद भोक – टीव्ही (एचडीएमआय). चौकोनी – प्रिंटर, पेनड्राइव्ह. गोल – कानातलं. माइकच्या बटणावर दिवा – आपलं बोलणं त्यांना ऐकू जात नाही. कॅमेऱ्यावर लाल – डोळा मिटलाय, नखानं सरकवणे.'

शेवटची ओळ किती मोलाची आहे ते आम्हा दुकानदारांना विचारा. नव्या लॅपटॉपचा कॅमेरा बिघडला म्हणून लोक येतात, नि आम्ही नखानं झाकण सरकवतो. त्याचे पैसे घ्यायचे की नाहीत यावर माझं आणि माझ्या भागीदाराचं कायमचं भांडण आहे.

पुढचा विंडोज ११चा भाग कंटाळवाणा. इंटरनेट पाहिजेच, मायक्रोसॉफ्टचं खातं पाहिजेच. रेंज माडाच्या झावळ्यांप्रमाणे हलणारी, ओटीपी पुण्याच्या मुलाच्या फोनवर आणि मुलगा मीटिंगमध्ये. त्याचं म्हणणं, माझंच खातं टाका. मी नाही टाकलं. आताच्या लॅपटॉपांत डिस्क बहुतेक वेळा आपसूक कुलूपबंद होते, आणि कधी अडलीच तर ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली ज्याचं खातं त्याच्याकडे जाते. लॅपटॉप आईचा नि किल्ली मुलाच्या जुन्या मेलमध्ये, ज्याचा पासवर्ड तोही विसरलाय, अशी प्रकरणं माझ्याकडे येऊन गेलीत. काकूंचं स्वतंत्र खातं उघडलं, किल्ली कागदावर उतरवून देवघरातल्या फडताळात ठेवली.

एक गोष्ट मात्र जमली नाही. बटणातच बोटाचा ठसा घेणारा सेन्सर होता. काकूंची दहाही बोटं लावून पाहिली, एकही ठसा धरेना. जन्मभर नारळ खवून, भांडी घासून रेषा झिजलेल्या. "म्हणजे माझी बोटं याला पसंत नाहीत," असं म्हणून त्यांनी पिन टाकला.

त्या वर्षी पावसानं घाई केली. मे संपायच्या आतच मान्सून कोकणात उतरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाचा फोन, "आई म्हणते, लॅपटॉप खरखरतोय." मी म्हटलं, पाठवून द्या. शेजारचा मुलगा एसटीनं घेऊन आला. मी उघडला, पंखा स्वच्छच होता, तरी झाडला. स्पीकर वाजवून पाहिले. दोन तास चालू ठेवला, चार्जर लावून. काही नाही. साडेतीनशे रुपये घेतले आणि परत पाठवला.

आठ दिवसांनी पुन्हा तोच फोन. कंपनीच्या मदतकेंद्रालाही त्यानं विचारलं होतं, तिथल्या माणसानं साउंडचा ड्रायव्हर अपडेट करायला सांगितला. आपण त्याला हसू शकत नाही, कारण मीही तेच केलं. वर पंखा पुन्हा उघडला, आणखी साडेतीनशे. आणि फोनवर मुलाला म्हणालो, "वय झालं की असे भास होतात." तो हसला. मीही हसलो. हे वाक्य लिहिताना आत्ताही कसंतरी होतं.

तिसऱ्या वेळी मला कोणी बोलावलं नव्हतं. आंजर्ल्यातच एका हॉटेलचा राउटर पाण्यानं गेला होता. तो बदलून निघताना काकूंच्या दारावरून जायचं आणि आत डोकवायचं नाही, असं आमच्याकडे चालत नाही. चपला पायरीवर काढल्या. ओटीवर पावसाची झड येत होती, म्हणून लॅपटॉप आत माजघरातल्या टेबलावर आला होता. खाली जुना कोबा, पावसाळ्यात घाम फुटल्यासारखा ओला.

काकू काही बोलल्या नाहीत. माझा हात धरला आणि बोट लॅपटॉपच्या झाकणावरून अलगद फिरवलं.

खरखरीत. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर कोणी बारीक रेती चिकटवावी तसं, आणि रेती जणू थरथरतेय. त्यांनी चार्जर काढला. पत्रा गुळगुळीत. लावला, पुन्हा रेती. मनगट कडेला टेकलं तर बारीक मुंग्या.

"हे मी महिनाभर सांगत्येय," काकू म्हणाल्या.

त्यांनी 'खरखर लागते' असं सांगितलं होतं. मुलानं मला सांगताना 'खरखरतोय' केलं. लागणं आणि वाजणं यातला फरक पुणे ते दापोली फोनवर गळाला.

खरखर कशाची ते मला दोन सेकंदांत कळलं, तेही लाजिरवाणंच. असल्या तीन पिनी चार्जरच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते अगदी थोडा करंट मुद्दाम अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंग असलं तर तो गुपचूप जमिनीत जातो. नसलं तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येऊन बसतो आणि अनवाणी माणूस भेटला की त्याच्यातून वाट काढतो. मिलिअँपिअरचा अंश, त्यानं काही होत नाही. दुकानात मला का कळलं नाही? माझ्या सॉकेटला अर्थिंग चोख आहे, पायाखाली रबरी मॅट आहे आणि पायात सँडल. मे महिन्यात का कळलं नाही? झोपाळ्यावर पाय अधांतरी होते.

पिशवीतून मीटर काढला. फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट. लॅपटॉपच्या पत्र्यापासून भिजवलेल्या फडक्यावर, कोब्याला, ९६. तीन पिनी सॉकेटचं वरचं जाड भोक आणि कोबा यांच्यातही तितकेच. म्हणजे चार्जरचा दोष नाही, घराचं अर्थिंगच नाही.

मागच्या दारी गेलो. विहिरीजवळ अर्थिंगचा खड्डा होता, वर गवत. भिंतीवरून खाली येणारी तार कमरेच्या उंचीवर तुटलेली, टोक गंजून काळं. काकूंनी बघितल्याबरोबर सांगितलं, "त्या वादळात. सुपारी पडली ना इथे." ३ जून २०२०, निसर्ग. तेव्हा दापोलीच्या बाजूला कित्येक दिवस वीज नव्हती. मग कोणीतरी वायरमन आला असेल, फेज जोडली, न्यूट्रल जोडली, दिवे लागले. दिवे लागले की लोक टाळ्या वाजवतात आणि वायरमन पुढच्या घरी जातो. अर्थिंगशिवाय दिवे लागतात, फ्रिज चालतो, पंप चालतो.

आणि गीझरही चालतात. पाहुण्यांच्या तीन न्हाणीघरांत तीन गीझर. घरातल्या सगळ्या सॉकेटांची अर्थिंगची तार आतून एकमेकींना जोडलेली होती, फक्त जमिनीला नव्हती. एखाद्या गीझरची कॉइल फुटून धातूला लागली असती, तर पूर्ण २३० व्होल्ट सगळ्या गीझरांच्या, पंपाच्या, फ्रिजच्या आणि या लॅपटॉपच्या अंगावर एकदम आले असते. मेन स्विच जुना, ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नाही. पाच पावसाळे.

मी आधी तिन्ही गीझरचे प्लग काढले. मग पायरीवर बसलो. काकूंनी कोकम सरबत आणलं.

लायसनवाला वायरमन पावसामुळे चौथ्या दिवशी मिळाला. नवा खड्डा, प्लेट, कोळसा आणि मिठाचे थर, नवी पट्टी, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी. मी मुद्दाम थांबलो होतो. फेज ते अर्थिंग २२६. पत्रा ते कोबा, जवळपास शून्य. काकूंनी अनवाणी उभ्या राहून झाकणावरून बोट फिरवलं, चांगलं दोन-तीनदा.

"गुळगुळीत. पण आता पुन्हा तार तुटली तर मला कळणार कसं?"

मी ईएलसीबीचं टेस्ट बटण दाखवणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की ते बटण अर्थिंग तपासतच नाही. मग पिशवीतला तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर देऊन टाकला. कोणता दिवा लागला म्हणजे काय, ते सांगितलं. काकूंनी वहीत लिहून घेतलं. खाली आणखी एक ओळ लिहिली आणि वही मिटायच्या आत मी ती वाचली:

'दर संकष्टीला चार्जर लावून, चपला काढून, बोट फिरवून बघणे.'

सातशे रुपये परत द्यायचे आहेत. दोनदा घेऊन गेलो, दोन्ही वेळा खिशातून काढले नाहीत, कारण काढले की कशाचे ते सांगावं लागेल.