केसपेपरवर ‘बाथरूममध्ये घसरली’ असं लिहिलं जाण्याआधी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के आहे, म्हणजे चौघींत एक. कर्नाटकात ते ४४ टक्क्यांच्या वर जातं. हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, ती एकटी असतानाच विचारतात. मध्ये सासू येऊन बसली तर तिथेच थांबतात. मारहाण सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र फक्त १४ टक्के. बहुतेक जणी कुणाला काही बोलल्याच नाहीत.

‘दारू सुटली की मार थांबेल’ असं माहेरची माणसंही म्हणतात. दारूने मार वाढतो हे खरंच: नवरा वरचेवर पिऊन येतो अशा स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी हिंसा सांगितली. पण नवरा अजिबात पीत नाही त्यांच्यातही २३ टक्के आहेतच.

पोलिसांकडे किंवा कोर्टात जाण्याच्या कितीतरी आधी ही बाई दवाखान्यात जाते. कधी मुका मार म्हणून, कधी नुसती डोकेदुखी, झोप नाही, ओटीपोटात दुखतं म्हणून. हे ओळखूनच २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘सेहत’ संस्थेने हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केलं. नवरा शेजारी उभा असेल तर ती ‘घसरले’च म्हणणार. म्हणून डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवावं आणि तेवढ्यात तिला एकटीला विचारावं.

जखमा स्वतःच बरंच सांगतात. माणूस पडला की गुडघा, कोपर, तळहात, कपाळ अशा हाडाच्या जागी लागतं. मारहाणीत गाल, कान, मान, छाती, पोट, दंडाची आतली बाजू काळीनिळी होते. वार चुकवायला हात वर केला तर मनगट ते कोपर यांच्यामध्ये बाहेरच्या अंगाला वळ उठतात. केसपेपरवर ‘अंगावर मार’ एवढंच लिहिलं तर त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘डाव्या दंडाच्या आतल्या बाजूस ४ बाय २ सेंमी निळसर वळ, नवऱ्याने मारल्याचे रुग्ण सांगते’ असं लिहिलेलं हवं. वळाचा रंग लिहावा. रंगावरून दिवसांचा अंदाज बांधू नये, तो चुकतो.

गळा आवळला असेल तर मानेवर खूण नसली तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्या. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, कपड्यात लघवी होणं ही धोक्याची लक्षणं आहेत. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनी लकवाही येऊ शकतो. आणि ज्याने एकदा गळा धरला त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. ‘जीव थोडाच घेणार होता’ म्हणून ही गोष्ट कुणी सोडून देऊ नये.

फोटो काढताना एक चेहऱ्यासकट घ्या, एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वळ गडद होतात, तेव्हा पुन्हा काढा. विश्वासातल्या माणसाकडे पाठवा, पण मूळ फोटो कापू-छाटू नका. नवरा फोन तपासत असेल तर पाठवलेला मेसेज काढून टाका.

पोलीस ठाण्यात बरेचदा नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घरी पाठवतात. एनसीवर न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. सासरच्या छळाचं कलम, आधीचं ४९८अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५, हे मात्र दखलपात्र आहे. पीडित बाईने किंवा तिच्या नातेवाइकाने तक्रार दिली तर त्यावर एफआयआर होतो.

पण पुष्कळ जणींना नवऱ्याला तुरुंगात घालायचं नसतं. त्यांना मार थांबायला हवा असतो, डोक्यावर छप्पर आणि मुलांच्या खर्चाला पैसे हवे असतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नेमका यासाठी आहे, आणि आमच्या मते तो अजूनही पुरेसा वापरला जात नाही. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं हेही येतं. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात, त्याचे पैसे लागत नाहीत. अर्ज माहेरच्या गावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही करता येतो. घर सासूच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

अडतं ते पुढे. अर्ज निकालात काढायला कायद्यात ६० दिवस म्हटलेत, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून पहिल्याच दिवशी याच कायद्याच्या कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडा. नुसता मुख्य अर्ज टाकला तर निकालापर्यंत हातात काहीच पडत नाही. नवऱ्याची पगार पावती, पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या घर सोडण्याआधीच बाहेर हलवा. नंतर कुलूप बदललेलं असतं. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, कायदेशीर मदतीला १५१००.

संरक्षण आदेश, म्हणजे नवऱ्याला हिंसा करायला मनाई करणारा कोर्टाचा आदेश, मिळाला की त्याची प्रत नवऱ्याला बजावली गेली आणि पोलीस ठाण्यात पोचली याची खात्री करा. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. ठाण्यातल्या ड्युटीवरच्या माणसाला तो आदेश माहीत असेलच असं नाही, म्हणून प्रमाणित प्रत जवळ बाळगा आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ चं नाव घेऊन तक्रार लिहून द्या.