सायलेन्सरचे दोन बोल्ट आणि एक स्टड

आमची ओमनी तिठ्यावर आली की घरी आई चहाचं आधण ठेवायची, इतका सायलेन्सर फुटला होता. गाडी जुनी. त्यात आठवड्यातून दोनदा गोव्यातल्या केरीहून फेरीबोटीनं तेरेखोल आणि पुढे शिरोडा. भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर खारं पाणी चढलेलं असतं, ते थेट गाडीच्या पोटावर उडतं. वर दरसाल शंभर इंचांच्या पुढे पाऊस. सायलेन्सर तापतो, निवतो, भिजतो, परत तापतो. आमच्याकडे वरचा रंग चकचकीत असतो तेव्हाच गाडी खालून निम्मी संपलेली असते.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दहा दिवसांवर होती. म्हापशाहून नवा सायलेन्सर आणि पुढचा पाइप आणला आणि ठरवलं, जुना आपणच उतरवायचा. मागच्या जोडाच्या फ्लँजला (पाइपाच्या टोकाच्या चपट्या कडेला) दोन बोल्ट, पुढे मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या भागाला) पाइप धरणारे स्टड, म्हणजे एक टोक आत रुतलेले बिनडोक्याचे बोल्ट, आणि त्यांवरचे नट. एका रविवारचं काम, असं मी घरी सांगितलं होतं.

गाडी जॅकवर उचलून खाली लाकडी ओंडके लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये) आणि मागच्या बोल्टांपासून सुरुवात केली. तारेच्या ब्रशनं घासल्यावर नट कुठे संपतो नि फ्लँज कुठे सुरू होते ते कसंबसं दिसलं. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, त्यामुळे नट आट्यांवर आतूनच आवळला जातो. गंज सैल करणारं डब्ल्यूडी-४० मारलं, रात्रभर ठेवलं, हातोडीनं हलकेच ठोकलं, पुन्हा मारलं. नटाचे कोपरे इतके गेले होते की १३ चा पाना गरगर फिरू लागला. मग १२ ची गोटी (सॉकेट पाना) हातोडीनं ठोकून बसवली. ती मात्र घट्ट बसली. उताणं पडून, डोळ्यांत गंजाचा भुगा, सगळी ताकद लावून फिरवतोय, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी नट आवळतोय. खालून वर बघताना डावं-उजवं असं चुकतं. हसू आवरलं आणि उलटा फिरवला. हललाच नाही.

अशा तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी बॅटरी धरून बसलेला चुलतभाऊ कंटाळून म्हणाला, "दादा, हे परत वापरणार आहेस का?"

नाही. वापरणार नव्हतो. आरपार जाणारे बोल्ट, बाजारात वीस रुपयांना जोडी. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला ओला गोणपाट टांगला, पाण्याची बादली जवळ ठेवली, ग्राइंडर लावला. दोन्ही बोल्ट चार मिनिटांत जमिनीवर.

या विजयानं डोकं चढलं. त्याच जोरात पुढे मॅनिफोल्डकडे वळलो. पान्याला हातभर पाइप जोडला आणि ओढला. नट फिरला. लोण्यासारखा, काहीही न कुरकुरता. मी खूश. पण गंजलेला नट सुटताना कर्रर्र करतो, धक्क्याधक्क्यानं येतो. असा मऊ फिरला म्हणजे नट फिरतच नाहीये, स्टड पिळला जातोय. हे मला एका क्षणानंतर कळलं. टक् असा बारीक आवाज आला आणि नट स्टडाच्या तुकड्यासकट हातात.

म्हणजे जो बोल्ट कापून टाकायचा, त्याला मी तीन दिवस गोंजारलं, आणि ज्याचे आटे बिडाच्या मॅनिफोल्डात रुतलेले, जो जपायचा, तो अर्ध्या मिनिटात मोडला.

ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "घाई कित्याक रे?" स्टड बोटाच्या पेराएवढा बाहेर उरला होता, हे नशीब. त्यानं आधी गाडीच्या बॅटरीची तार काढली. उरलेल्या तुकड्यावर नवा नट बसवून आतून वेल्डिंगनं भरला. लाल झालेला नट काळा पडेपर्यंत आम्ही बाहेर पेळेवर, म्हणजे ओट्यावर, बसलो. तापल्यानं स्टड आणि मॅनिफोल्ड यांच्यातली गंजाची पकड सुटते, वेल्डिंगचा अर्धा फायदा तोच. मग पाना लावून त्यानं थोडा पुढे, थोडा मागे, परत पुढे असं केलं. कर्रर्र. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. तेवढ्यात त्यानं तेलाचे दोन थेंब सोडले आणि स्टड अख्खा बाहेर आला. बाकीच्या नटांना त्यानं आधी गॅसची ज्योत दाखवली, मगच पाना लावला. एकही मोडला नाही.

भोकात आटे पाडायचा ८ चा टॅप फिरवून आटे साफ केले, नवा स्टड, नवं गॅस्केट, आणि लोखंडी ऐवजी पितळी नट. पितळ लोखंडाला गंजून चिकटत नाही. आट्यांवर कॉपर ग्रीस त्यानं सांगायच्या आधीच मी लावलं होतं, तर त्यानं बोटानं अर्धं पुसून काढलं.

चवथीच्या आदल्या दिवशी पेडण्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, सामान घेऊन आलो. दारात गाडी बंद केली, कांगलां ही रानफळं नि नारळांचा घड खाली उतरवला, पायऱ्या चढलो, तरी आत कोणाला पत्ता नाही. आई दचकून म्हणाली, "आलास कधी?" चहा ठेवलेला नव्हता.