मनगट धरलं तर सुटता येतं का?

थायची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला शिकतो म्हटलं की हमखास कोणीतरी माझं मनगट गच्च धरतं आणि म्हणतं, "आता दाखवा सोडवून!" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

नुसतं सुटणं फार अवघड नाही. अंगठा आणि बोटं जिथे मिळतात, तिथून हात ओढला की पकड ढिली पडते. पण छिन-ना, म्हणजे चिनी युद्धकलांमधली सांधे अडकवण्याची विद्या, म्हणते: सुटू नका, त्यालाच अडकवा.

'सोनेरी धागा मनगटाला गुंडाळणे' हा तिचा नावाजलेला डाव. समोरच्याने उजव्या हाताने माझं उजवं मनगट धरलं, की मी डाव्या तळव्याने त्याचा पंजा तिथेच दाबून धरतो. मग उजवा पंजा बाहेरून वर आणून त्याच्या मनगटावर टेकवायचा आणि त्याच्या पोटाच्या दिशेने खाली दाबायचं. त्याचं कोपर वाकतं, गुडघे आपोआप खचतात. जोर फारसा लागत नाही. पंजा मात्र निसटता कामा नये. तिथेच बहुतेकांचा डाव फसतो.

आता या डावाची तोड, म्हणजे कोणी तो तुमच्यावर टाकला तर काय करायचं. मनगट पिळायला लागलं की माणूस मनगटच ओढत बसतो, आणि अजून अडकतो. इलाज कोपरात आहे. कोपर बरगडीकडे खाली सोडायचं, मूठ सैल करायची आणि मागे न जाता पुढे शिरायचं. कोपर खाली गेलं की पीळ उलगडतो, आणि जवळ शिरल्यावर खांद्याचा धक्काही देता येतो. पण हे डाव बसायच्या आधी. पूर्ण बसल्यावर तोड शोधणाऱ्याने मुकाट हात थोपटून हार मानावी. नाहीतर मनगट महिनोन्महिने दुखतं. थायचीत दोघं हाताला हात लावून 'पुश हँड्स' करतात, ते हा जोर आधीच ओळखायला.

मारामारीत उपयोग? जो ठोसे मारतोय, त्याचं मनगट तुमच्या हाती लागणारच नाही. चिनी युद्धकलांच्या जुन्या वर्गवारीतही लाथ, ठोसा, पछाड आणि पकड अशी चौघांची जोडणी आहे. पकड एकटी चालत नाही. आजच्या सांदा, म्हणजे ठोसे-लाथा-पछाडीच्या चिनी कुस्तीवजा लढतीच्या, स्पर्धांत तर सांधे अडकवायला बंदीच आहे. उलट 1936 साली लिउ जिनशंग यांनी छिन-नावर पुस्तक लिहिलं ते चेजियांग प्रांतातल्या पोलीस प्रशिक्षणासाठी. मला ते अगदी पटतं. ज्याला मारायचं नाही पण सोडायचंही नाही, अशा माणसासाठीच ही विद्या. दारू पिऊन अंगावर येणारा नातेवाईक धरा हवं तर.