पलटणीच्या मागावर, तंबाखूच्या रानातून

अण्णांना इटली दाखवायची म्हणून रोम झालं, फ्लॉरेन्स झालं, झुकता मनोराही झाला. लग्नाच्या पंगतीत वाढतील ते माणूस गप जेवतो, तसं त्यांनी चार दिवस सगळं बघून घेतलं. पेरूजाला मुक्कामाला आलो तेव्हा मी म्हटलं, आता एक दिवस माझ्या मनासारखा. गाडी भाड्यानं घेऊ आणि टायबर नदीच्या कडेकडेनं वर जाऊ.

"तिकडं काय हाय?"

"आपली पलटण होती तिथं."

सकाळी साडेसहाला अण्णा आंघोळ करून, टोपी घालून खुर्चीत बसलेले.

'आपली पलटण' म्हणजे कुठली, हे निपाणीच्या माणसाला सांगावं लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात. कॉलेजची तीन वर्षं मी बेळगावात काढली. पहाटे कॅम्पातून रंगरूट पळायचे आणि त्यांच्या आरोळीनं आमच्या खोलीच्या खिडकीची काच थरथरायची. ही पोरं पूर्वी कुठकुठं पाठवली होती याचा मात्र तेव्हा पत्ता नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पन्नास हजारांच्या वर भारतीय जवान लढले, ५,७८२ परत आले नाहीत. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, दिले गेले, त्यांतले ६ भारतीयांना, आणि त्या सहांत दोघं मराठा पलटणीतले. हे मला जर्मनीत नोकरीला आल्यावर, एका रविवारी घरी बसल्या बसल्या वाचून कळलं. बेळगावात असताना विचारायचं सुचलं नाही.

आधी उलट्या दिशेनं असिसीला गेलो. गावाखालच्या सपाटीवर रिव्होतोर्तो इथं युद्धस्मशान आहे. ९४५ थडगी, बहुतेक जून-जुलै १९४४ मधली. रोम पडल्यावर जर्मन मागं हटत होते, आणि हटताना जिथं जमेल तिथं पाय रोवत होते, त्या दिवसांतली. गेटमधून आत शिरलं की मागं सुबासिओचा डोंगर आणि त्याच्या उतारावर गुलाबी दगडाचं असिसी दिसतं. त्या गावाला युद्धाचा फारसा ओरखडा उठला नाही. वालेंटिन म्युलर नावाच्या जर्मन लष्करी डॉक्टरनं गावाची इस्पितळं करून ठेवली होती. थडगी इथली बहुतेक इंग्रजांची. अण्णा दोन ओळी फिरले आणि म्हणाले, "ही समदी त्यांचीच. आपली कुठं हायत?" मी म्हटलं, पुढं.

ई-४५ हा रस्ता उत्तरेकडं जातो. युरोपात इतके खड्डे मी दुसरीकडं पाहिले नाहीत. अण्णांना पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. डाव्या-उजव्या हाताला सूर्यफुलं, कापलेल्या गव्हाची खुंटं, गवताचे गुंडाळलेले गोल भारे, आणि प्रत्येक टेकडीच्या टोकावर चिकटवल्यासारखं एक गाव. टायबर इथं अगदी लहान आहे. रोममध्ये पाहिलेली तीच नदी, हे अण्णांना शेवटपर्यंत पटलं नाही.

उंबेर्तिदेला न्याहारीला थांबलो. इथल्या एका चौकाला २५ एप्रिल १९४४ ची तारीख चिकटलेली आहे. नदीवरच्या पुलासाठी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले बॉम्ब घरांवर पडले आणि ७० माणसं गेली. पुढं गाव सोडवायला आली तीही दोस्तांचीच फौज, त्यात आपली दहावी इंडियन डिव्हिजन. सोडवायला आलेल्यांचं आणि बॉम्ब टाकलेल्यांचं नाव एकच, हे त्या गावानं कसं पचवलं असेल कोण जाणे. आम्ही 'तोर्ता अल तेस्तो' खाल्ली. तेस्तो म्हणजे जाड तवा, त्यावर भाजलेली बोटभर जाडीची रोटी. ती मधून फाडून आत पालेभाजी आणि चीज भरतात. अण्णांनी कड मोडून बघितली. "भाकरीला पाणी कमी पडलंय," म्हणाले, पण दोन खाल्ल्या.

मोन्तोने उंबेर्तिदेहून पंधरा मिनिटांवर. आम्हाला पाऊण तास लागला, कारण नकाशानं जवळचा म्हणून पांढऱ्या मातीच्या रस्त्यावर घातलं. एका वळणावर समोर ट्रॅक्टर आला. मागं घ्यायची कुणी? मी तीनशे मीटर गाडी मागं घेतली, एका बाजूला ऑलिव्हची झाडं, दुसऱ्या बाजूला दरी. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना हात केला. अण्णांनी टोपी काढून त्याला रामराम केला. गाडीचा मूळ रंग कुठला हे त्यानंतर सांगता आलं नसतं.

मोन्तोने तटबंदीच्या आतलं गाव, गाड्या बाहेर लावून चढायचं. पंधराव्या शतकात इथल्या फोर्तेब्राच्ची घराण्यातला ब्राच्चो नावाचा भाडोत्री सरदार सगळ्या इटलीत गाजला होता. आम्ही आलो होतो ते मात्र आमच्या माणसासाठी.

नाईक यशवंत घाडगे. नाईक हा पलटणीतला हुद्दा. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. १० जुलै १९४४ ला टायबरच्या ह्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनच्या एका कंपनीनं जर्मन मोर्चावर चाल केली. मशीनगन अगदी जवळून सुटली आणि घाडग्यांच्या सेक्शनमधला एकूणएक माणूस पडला, मेला नाहीतर जखमी झाला. उरले एकटे नाईक. मागं कुणी नाही हे माहीत असताना ते सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि गनवाला दोन्ही बंद केले, टॉमीगननं आणखी एकाला उडवलं. मॅगझीन संपलं, बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून, दंडुक्यासारखी फिरवून उरलेले दोघं लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि त्याच मोर्चात ते गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉसचं मेडल घ्यायला पुढं पत्नी लक्ष्मीबाई गेल्या.

मी हे वाचून दाखवत होते आणि अण्णा खाली खोऱ्याकडं बघत होते. "असल्या चढाला बैल थांबत न्हाई," म्हणाले. "हा पळत गेला?"

जुलै २०२३ मध्ये गावानं घाडग्यांच्या नावानं इथं एक स्मारक केलं. पुतळा नाही, तोफ नाही, एक सूर्यघड्याळ आहे. सोबत लॅटिन ओळ, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. वाचताना मला हे जरा गोडगोड वाटलं होतं. प्रत्यक्षात समोर उभं राहिल्यावर त्या ओळीपेक्षा सावलीच बघत राहिले. माझ्या मोबाइलमध्ये बारा वीस झाले होते आणि सावली अकराच्या जरा पुढं.

"घड्याळ चुकलंय," मी म्हटलं.

"कुठलं?"

खरंच, कुठलं? इटलीनं उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढं ढकललेलं असतं, शिवाय त्यांची प्रमाणवेळ इथून बरीच पूर्वेकडच्या रेखावृत्ताची. दोन्ही मिळून सव्वा तास सूर्य मागं. अण्णांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे सावली खरी, आन् मोबाइल सरकारी."

घाडग्यांचं थडगं इथं नाही, कुठंच नाही. त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलंय, अडीचशे किलोमीटरच्या वर दक्षिणेला, थडगं नसलेल्या चार हजारांवर नावांच्या सोबतीत. हिंदू जवानांचं जमेल तिथं दहन व्हायचं, म्हणून त्यांची नावं दगडाखाली झोपलेल्यांत कमी आणि भिंतींवर जास्त. फोर्लीला आणि सांग्रो नदीकाठी त्यांची वेगळी दहनस्मारकं आहेत. आणि माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. मुंबईहून गोव्याला जाताना तिथून आम्ही तीनदा तरी गेलो असू. एकदाही उतरलो नाही. ह्या माणसांची आपल्याकडं पंचाईतच आहे. स्वातंत्र्यसैनिकांत त्यांना जागा नाही, कारण लढले इंग्रजांच्या पगारावर. आणि इंग्रजांच्या गोष्टीत ते 'गणपत', गोरे अधिकारी मराठा शिपायांना सरसकट ह्याच नावानं ओळखायचे. अण्णांचं मत सरळ होतं. "पगारासाठीच गेली की. घरी दोन एकर, खाणारी दहा तोंडं."

मोन्तोनेहून खाली उतरलो आणि चित्ता दी कास्तेल्लो मागं टाकल्यावर अण्णा एकदम ओरडले, "थांब, थांब!" मला वाटलं कुत्रं आडवं आलं. तंबाखू होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर, कंबरेएवढा. अण्णांनी चाळीस वर्षं तंबाखू केलाय. ते बांधावरून आत गेले, पानाला हात न लावता (दुसऱ्याच्या रानात हात लावायचा नाही) वाकून वास घेतला, शेंडा कुठं खुडलाय ते बघितलं. "ह्यो विडीचा न्हवं. सिग्रेटचा. पान पातळ हाय." मग बराच वेळ नुसतेच उभे. सकाळपासून मी त्यांना दाखवत होते, आता ते मला दाखवू लागले. ठिबक कसं टाकलंय, माती कसली, दोन ओळींत अंतर का जास्त. जुलैत इथं आलेल्या कोल्हापूर-साताऱ्याकडच्या पोरांनी सगळ्यात आधी हेच बघितलं असेल, असं त्यांचं म्हणणं. "खंदक खणताना माती हातात आली असंल न्हवं? काळी का तांबडी, बघितल्याबिगर ऱ्हायला असंल का त्यो?"

थोडं पुढं कोस्पाया नावाची वाडी आहे, तिची गोष्ट अण्णांना सांगितली ती त्यांनी गावी जाऊन सगळ्यांना सांगितली. १४४१ मध्ये पोप आणि फ्लॉरेन्स यांच्यात सरहद्द ठरली. ओढा ही हद्द, असं लिहिलं. ओढे होते दोन. एकानं एक धरला, दुसऱ्यानं दुसरा, आणि मधली वाडी दोघांच्याही कागदात राहिली नाही. वाडीनं लगेच आपण स्वतंत्र म्हणून जाहीर केलं आणि १८२६ पर्यंत, पावणेचारशेच्या वर वर्षं, कुणाला कर दिला नाही; तंबाखू युरोपात आल्यावर तोही बिनकराचा पिकवला. सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट कशी लागते हे निपाणीबाहेरच्यांना कळायचं नाही. अण्णा हसता हसता खोकायला लागले. "आमच्याकडंबी दोन ओढं पायजे हुतं," म्हणाले.

सान्सेपोल्क्रोत थांबायचा बेत नव्हता, पण इथल्या एका भित्तिचित्राची कथा सोडवेना. १९४४ मध्ये अँथनी क्लार्क नावाचा इंग्रज तोफखान्यातला कॅप्टन ह्या गावावर मारा करत होता. जगातलं सर्वोत्तम चित्र ह्याच गावात आहे, असं आपण कुठंतरी वाचलंय हे त्याला आठवलं, आणि त्यानं तोफा थांबवल्या. ते चित्र पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं. थडग्यातून उठलेला येशू, आणि खाली त्याच्या पहाऱ्यावरचे चार शिपाई गाढ झोपलेले. अण्णांनी येशूकडं एकदा बघितलं आणि शिपायांकडं चारदा. "पाळी बदलायला कुणी आलं न्हाई जणू."

अरेत्सोचं युद्धस्मशान शहराबाहेर, इंदिकातोरे नावाच्या वस्तीजवळ. पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते, ऊन तिरपं झालेलं, आवारात आम्ही दोघंच. १,२६६ थडगी, आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसं भारतीय डिव्हिजनांतली. सगळे दगड एका उंचीचे. अधिकारी आणि शिपाई, गोरा आणि काळा, असा भेद दगडात करायचा नाही असा युद्धस्मशानं सांभाळणाऱ्या आयोगाचा पहिल्यापासूनचा नियम. जिवंतपणी पगारात केला तेवढा पुरे, असा बहुतेक विचार असावा.

अण्णा ओळीच्या टोकाशी वाकून एक डोळा मिटून बघू लागले. "सरी सरळ पाडलीय," म्हणाले. मग चालता चालता थांबले आणि मोठ्यानं वाचलं, "ॐ भगवते नमः." देवनागरीत कोरलेलं. इटलीत आल्यापासून त्यांना स्वतःला वाचता आलेली ही पहिलीच पाटी. पुढच्या दगडावर अरबी होतं, तिथंही तेवढाच वेळ उभे राहिले. दगडाच्या बुडाशी लावलेल्या रोपांची माती बोटानं उकरून बघितली. ओली होती. इथं मात्र हात लावला.

गेटपाशी भिंतीत एक लहान खण असतो, त्यात नावांची यादी आणि भेट देणाऱ्यांची वही. मी वही काढून दिली. अण्णांनी खिशातलं पेन काढलं, तारीख घातली, नाव लिहिलं, पत्ता 'मु. पो. निपाणी, जि. बेळगाव'. शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं.

"इथं काय लिवायचं?"

"मनात येईल ते. शेरा."

वरच्या ओळींत इंग्रजीत आणि इटालियनमध्ये लोकांनी बरंच काही लिहिलं होतं. अण्णांनी ते वाचायचा प्रयत्न केला नाही. सावकाश, शिरोरेघ देत लिहिलं: 'जागा चांगली राखली आहे. पाणी वेळेवर देतात.' वही मिटून खणात ठेवली, दार नीट लागलं का ते ओढून बघितलं, आणि मला म्हणाले, चल, अंधार पडायच्या आत गाडी धुऊन घेऊ.