टोचन नको, गुरुजी

मी आर्वीहून पोचलो तोवर गुरुजींच्या पुतण्यानं मारुतीच्या पुढच्या हुकाला नायलॉनचा दोर बांधला होता. दुसरं टोक ट्रॅक्टरला. अवतीभवती अर्धं गाव जमलेलं.

"मिस्त्री, तुम्ही फक्त स्टेअरिंगवर बसा. दुसऱ्या गियरात टाका, म्या एक झटका देतो. सुरू होते का नाही पाहा."

"आधी दोर सोड," मी म्हणालो.

पाराजवळच्या एका म्हाताऱ्यानं लगेच निकाल दिला, "शकुंतला सुरू होईन बाप्पा, हे गाडी काही होत नाही." पुलगाव-आर्वीची ती छोटी आगगाडी बंद पडून जमाना झाला, तरी आमच्याकडे कोणत्याही अडलेल्या कामात तिचं नाव निघतंच.

गाडी १९९६ सालची, मारुती ८००, कार्बोरेटरवाली. ती बिघडली म्हणून उभी नव्हती. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर गुरुजींनी ती एकदा पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. २०१६ मध्ये ती मुदतही सरली आणि त्यांनी गाडी गोठ्यामागं निंबाखाली लावून दिली. कागद नाही तर गाडी नाही, असा माणूस. त्यामुळं त्यांचं एकच पालुपद होतं, "चालती गाडी उभी केली मी. तिले काय झालं असन?" आता कार्तिकात त्यांना आपल्या बाईंना कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या दर्शनाला न्यायचं होतं, तेही स्वतःच्या गाडीनं.

चालती गाडी उभी केली की ती तशीच राहते, हा समज फक्त गुरुजींचा नाही. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं हेच बोलतात. एक वेळ दगडी फरशीवर, शेडमध्ये ठेवली असती तर गोष्ट वेगळी होती. ही काळ्या मातीत उभी. चारही चाकं रिमपर्यंत रुतलेली, आणि पावसाळ्यात ही माती ओल धरून बसते ती लवकर सोडत नाही. चटई उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पापडासारखा वाजला.

काठीनं खालून आणि बोनेटमधून नीट ठोकून घेतलं. आमच्या भागात अशा गाडीत हात घालण्याआधी हे करावंच लागतं. साप नव्हता. मग एअर फिल्टरचा डबा उघडला, आणि मागं उभी असलेली पोरं हसायला लागली. डबा कापसानं गच्च भरलेला. गोठ्याशेजारच्या खोलीत गुरुजींचा कापूस साठवलेला असतो. उंदरांनी तिथून ओढून आणून, फिल्टरचा कागद कुरतडून, आत बिऱ्हाड थाटलं होतं. सरक्या कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत घरंगळलेल्या.

पुतण्याला जवळ बोलावून दाखवलं. "तू झटका दिला असता तर हे सगळं आत खेचलं गेलं असतं."

तो म्हणाला, "कापूसच तं हाय."

कापूसच. पण व्हॉल्व्हखाली सरकी अडकली की व्हॉल्व्ह बसत नाही, आणि मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिन्ही प्लग काढले. क्रँकच्या पुलीवर गोटी पाना लावून हलकं फिरवून पाहिलं, तर इंजिन जाम. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. तिथून ओल आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरतात. इथं जोर लावायचा नसतो. प्लगच्या भोकांतून इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून थोडंथोडं सोडलं आणि सांगितलं, आज एवढंच. लोकांची फार निराशा झाली. आवाज ऐकायला आले होते बिचारे.

दुसऱ्या दिवशी पिकअप नेली. हँडब्रेक ओढलेला होता, त्यामुळं मागचे लायनर ड्रमला चिकटलेले. ड्रमच्या कडेनं हातोडीनं ठोकत ठोकत ते सुटले, मग गाडी वर चढवली. टायर अजून काळे दिसत होते, म्हणून गुरुजी म्हणाले हे राहू द्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते वाचून दाखवले. २००९ सालचा माल. गुरुजी गणिताचे, वाद घातला नाही.

गॅरेजात इंजिन सुटलं. पान्यावर आधी अगदी केसभर सरकलं, मग मागंपुढं करत पूर्ण फेरा झाला. त्यानंतरचं काम मळलेल्या वाटेचं. ऑइल बदललं, टायमिंग बेल्ट नवा टाकला. टाकी उतरवली तर आतल्या पेट्रोलचं लाखेच्या वासाचं लाल पाणी झालेलं. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. रबरी पाइप सगळे बदलले. जुने उंदरांनी खाल्लेच होते, पण खाल्ले नसते तरी बदलले असते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला फुगवतं. टाकी बसवायच्या आधी बाटली टांगून नळीनं पेट्रोल दिलं, दुसरी बॅटरी लावली.

पण सेल्फ मारण्याआधी ब्रेक केले. यावर माझं कोणाशीही भांडण होऊ शकतं. उभ्या गाडीचं इंजिन सुरू करणं ही हौस आहे, ब्रेक हे काम आहे. पेडल थेट जमिनीला टेकत होतं. मागचे व्हील सिलिंडर गळके, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन गंजून बसलेले.

क्लचची शंका मला आधीपासून होती. म्हणून पुढची चाकं उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर घेतली, मागं दगड लावले. पुतण्या गुरुजींना घेऊन आला होता. त्याला बाहेर उभं केलं आणि म्हटलं, चाकांकडं पाहत राह. चौथा गियर टाकला, क्लच पूर्ण दाबला, सेल्फ मारला. दोनतीनदा खोकून इंजिनानं धरलं. क्लच माझ्या पायाखाली तळाला, आणि तरीही पुढची दोन्ही चाकं हवेत भन्नाट फिरत होती. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. तसाच क्लच दाबून धरून ब्रेकवर जोरात पाय दिला. खट्ट झालं, चाकं थांबली, इंजिन चालूच राहिलं.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे दोरानं सुरू झाली असती तं..."

"तं क्लच सुटला नसता, ब्रेक लागला नसता, अन् पुढं तुहा ट्रॅक्टर होता."

"अन् स्टेअरिंगवर तुम्ही," गुरुजी म्हणाले.

इंजिन गरम होईपर्यंत ते कानाशी हात नेऊन ऐकत राहिले. मग खिशातून आरसी काढली आणि रस्त्यावर कधी काढता येईल ते विचारलं. मी सांगितलं: वर्ध्याला आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पुन्हा करावी लागेल. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाची फीच दहा हजार, उशिराचा दंड वेगळा, पर्यावरण कर वेगळा. टायर आणि खालचा पत्रा तर अजून व्हायचेच होते. गुरुजींनी पाकिटावर पेन्सिलीनं बेरीज मांडली, पुन्हा एकदा मांडली आणि पाकीट खिशात घातलं.

"पत्रा करून घ्या," म्हणाले. "कागदाचं मी पाहतो."

कौंडण्यपूरला ते दोघं एसटीनं गेले.