दोन ओळींमधली फट

वैशाखातली रात्र, रावेरचं घर. डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या माझ्या छोट्या फाइल सिस्टीमच्या चाचणीत पुन्हा भलताच डेटा दिसला. हजार वेळा चालवली की एखाद्या वेळी, म्हणूनच ही चूक जीव खात होती.

एक थ्रेड (प्रोग्रामची सोबतीने चालणारी एक शाखा) फाइलचा मधला भाग मोकळा करत होता. पेज कॅशे, म्हणजे फाइलच्या पानांची मेमरीतली प्रत, पुसून झाली; डिस्कवरचे ब्लॉक, म्हणजे जागेचे तुकडे, अजून सुटायचे होते. नेमक्या त्या फटीत दुसऱ्या थ्रेडने तेच पान परत कॅशेत आणलं. ब्लॉक नंतर दुसऱ्याच फाइलला गेले! मी इनोडचा, म्हणजे फाइलच्या नोंदीचा, लॉक (इतरांना थांबवणारं कुलूप) धरला होता, पण पान भरणारा थ्रेड तो लॉक घेतच नाही. यासाठीच लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ५.१५ आवृत्तीत, २०२१ साली, इनव्हॅलिडेट लॉक आला.

"काय करी ऱ्हायना रे?" आजीने खाटेवरून विचारलं.

आता मी पुसण्याआधी हा इनव्हॅलिडेट लॉक एकट्याने धरतो, ब्लॉक सुटल्यावरच सोडतो. पान भरणारे तोच सामायिक धरतात. चाचणी पहाटेपर्यंत चालली. एकदाही चुकली नाही.